'के ४० रोज' म्हणजे चाळीस ओळी सुलट?

प्रश्न असा आला: घरात जुनं जपानी विणकामाचं मशीन आहे. त्याच्या इंग्रजी पुस्तिकेत 'सीओआर. आरसी ०००. एमटी. के ४० रोज' असं लिहिलंय. 'के' म्हणजे सुलट असं धरून सगळं मराठीत उतरवलं, पण विणताना समोर दिसतंय ते उलटच. कुठे चुकलं?

सुयांवर विणायची सवय आडवी आली. हातात दोन सुया असतात तेव्हा 'के' सुलट, 'पी' उलट, कारण प्रत्येक टाका कसा घ्यायचा ते आपण ठरवतो. एकेरी, म्हणजे सुयांची एकच रांग असलेल्या, मशीनवर ती सोयच नाही. कॅरेज, म्हणजे सुयांवरून सरकणारा भाग, एकदा सरकवली की ओळ झाली, आणि आपल्याकडे कायम उलट बाजू, सुलट पलीकडे. तेव्हा 'के ४० रोज'चं मराठी नुसतं '४० ओळी विणा'. वीसदा जा, वीसदा या.

'सीओआर' म्हणजे कॅरेज उजवीकडे. चाळीस सम आकडा, म्हणून शेवटीही ती उजवीकडेच हवी. डावीकडे उभी असेल तर मोजण्यात घोळ झालाय. 'आरसी ०००' म्हणजे ओळींचं काउंटर शून्यावर आणा.

खरी गंमत 'एमटी'ची. मेन टेन्शन, म्हणून शब्दाला शब्द ठेवून 'मुख्य ताण' लिहिलं की पंचाईत. ताण वाढवला तर विण घट्ट होणार असंच कुणालाही वाटेल. डायलवर ० ते १० आकडे असतात आणि आकडा जितका मोठा तितका टाका मोठा, विण सैल! मी तिथे 'टाक्याचं माप' लिहीन. हे माप पुस्तिका ठरवून देत नाही. छोटा नमुना विणायचा, दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके, किती ओळी बसतात ते मोजायचं, आणि पुस्तिकेशी जुळेल तो आकडा आपला 'एमटी'. पुढे 'एमटी-२' दिसलं तर मधली रेघ उणेची: सात असेल तर पाच.

'डब्ल्यूवाय' म्हणजे वेस्ट यार्न. 'टाकाऊ धागा' म्हणवत नाही, कारण सुरुवातीचे टाके तोच धरून ठेवतो आणि मग उसवला जातो. शिवणात आपण कच्चा टाका घालतोच की, तशा या कच्च्या ओळी.

आता 'डी'. ब्रदर कंपनीच्या मशीनवर सुया पुढे-मागे ठेवायच्या जागा ए, बी, डी, ई, 'सी' नाहीच. सिल्व्हर रीड या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर ए, बी, सी, डी. त्यामुळे 'सुया डीवर आणा' ही सूचना सिल्व्हर रीडसाठी असेल तर त्या सुयांनी न विणता थांबायचं, म्हणजे होल्ड. ब्रदरवर थांबायची जागा 'ई' आहे. पुस्तिका एका कंपनीची आणि मशीन दुसरीचं असेल, तर अक्षर सोडा, सुई विणायची की थांबवायची तेवढं मराठीत लिहून ठेवा.