उत्तर: लॅपटॉपवर भोंगा वाजला, नंबरवर फोन केला, पैसे गेले

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या मामांचं सगळं प्रकरण डोळ्यासमोर आलं. वडिलांच्या लॅपटॉपवर भोंगा वाजायला लागला, 'व्हायरस आहे, कॉम्प्युटर बंद करू नका' म्हणून मायक्रोसॉफ्टच्या नावाने नंबर आला, त्यांनी फोन लावला, समोरच्याने एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं आणि काल संध्याकाळी ४८ हजार गेले, आणि बँक म्हणते आधी एफआयआर आणा. मामांचं सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरी-टॉवेलचं दुकान आहे, तिथं बिलिंगच्या कॉम्प्युटरवर हेच झालं की ओ, भोंग्यासकट. मी वकील नाही, पोलिसात पण नाही, सुताच्या व्यापाऱ्यांचे हिशोब बघतो, तेव्हा कायद्याचं जे लिहितोय ते जाणकाराकडून तपासून घ्या.

ओटीपी देऊ नका वगैरे सोडतो, ते सगळ्यांना पाठ आहे.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केलाय का? पोस्टमध्ये कुठं दिसला नाही. केला नसेल तर हे बाकीचं नंतर वाचा, आधी तो लावा, लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. त्याला एफआयआर लागत नाही. पैसे गेलेल्या प्रत्येक व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ आणि खातं एवढं हाताशी ठेवा. तिथून तक्रार ज्या बँकेत पैसे गेले तिकडं जाते, त्या खात्यात जे शिल्लक असेल ते अडकवतात, पुढं सरकले असतील तर पुढच्या बँकेला कळवतात. एकदा एटीएममधून निघाले की अडकवणार काय?

आता आमचं काय झालं ते ऐका. मामा तडक शाखेत गेले, काउंटरवर सांगितलं असं असं झालंय, खातं बंद करा. काउंटरवाला म्हणाला एफआयआर आणा. एका पोलीस ठाण्यात गेलो तर तिथं म्हणाले आधी बँकेचं लेटर आणि शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. परत बँकेत आलो तर साहेब जेवायला, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार! या धावपळीत खातं चालूच होतं आणि मामांनी काउंटरवर सांगितल्यानंतर अजून एक मोठी रक्कम गेली. पुढं भांडायला गेलो तर म्हणाले तुमची तक्रार सोमवारी मिळाली, आमच्याकडं तशी नोंद आहे. तोंडी सांगितलेलं कुणी लिहूनच घेतलं नव्हतं बे! नाव घेत नाही, आमची खाती अजून तिथंच आहेत.

हे इतकं लांबण लावतोय कारण रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सगळं 'कळवलं कधी' यावर अडतं. ग्राहकाने स्वतः ओटीपी-पासवर्डसारखी माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्या तिसऱ्याची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच नाही. आणि जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. 'तुम्हीच ओटीपी दिला' म्हणतील, म्हणू द्या, तुम्ही वाद वेळेवर घाला. नियम बदलत असतात, आजचा ताजा बघून घ्या. पण बँकेच्या हेल्पलाइनवर ब्लॉक करून तक्रार नंबर घ्या, ईमेल करा, शाखेत अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, तारीख आणि वेळ घालून. पोच देत नाहीत म्हणाले तर तिथंच बसा. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

एफआयआर नको असं म्हणत नाही हां. तो पण कराच, 'आमच्या हद्दीत नाही' म्हणाले तर शून्य नंबरने घ्या म्हणा, आता कायद्यातच तशी सोय आहे. फक्त एकाच्या कागदासाठी दुसऱ्याचं काम थांबवू नका.

लॅपटॉपचं. नेट बंद करा, पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला, ईमेलचा पहिला. पण फॉरमॅट लगेच मारू नका! आमच्या रिपेअरवाल्या पोराने उत्साहात मारला आणि पुरावा गेला. एनीडेस्कच्या फोल्डरमध्ये कनेक्शन ट्रेस नावाची टेक्स्ट फाईल असते, त्यात कोण कधी जोडलं होतं त्याचा आयडी मिळतो, ती कॉपी करा, स्क्रीनशॉट काढा, मग काय करायचं ते करा.

वडिलांना रागावू नका. त्या माणसाने इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची रोजच्या घडामोडींची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवल्या असतील, 'बघा किती व्हायरस' म्हणून. अहो त्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवर पण असतातच. खरा विंडोजचा इशारा कधी फोन नंबर देत नाही, हे एवढं त्यांना सांगा. आणि तो भोंगा म्हणजे नुसतं ब्राउझरचं पान असतं. एस्केप दाबून धरा, नाहीच गेलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर 'आधीची पानं उघडू का' विचारेल, नाही म्हणा, नाहीतर भोंगा पुन्हा सुरू. (दुकानातल्या कॉम्प्युटरवर पोरं फुकट पिक्चर बघतात तिथूनच हे येतं असं माझं मत, मामांना पटत नाही.)

शेवटी तुम्ही लिहिलंय की 'तुमचे पैसे रिफंड मिळवून देतो, प्रोसेसिंग भरा' असा सकाळी फोन आला. तो त्यांचाच दुसरा हप्ता. मामांना पण आला होता, आणि त्याला रक्कम रुपयापर्यंत माहीत होती, म्हणून ते जवळजवळ भरणारच होते. उचलू नका, संचार साथी या सरकारी साइटवर 'चक्षू' म्हणून संशयास्पद फोन कळवायची सोय आहे, तिथं तो नंबर टाका. आमचे जे थोडे अडकले होते ते कोर्टात अर्ज करून मिळाले, त्यासाठी कुणी फोनवर फी मागितली नाही. १९३० चा तक्रार नंबर मिळाला की इथं लिहा, पुढं अर्जात काय लिहायचं ते मामांच्या अर्जाची प्रत बघून सांगतो.