सायकल माझी, मग बैठका कशाला?

प्रश्न : ताई, गेली चार वर्षं मी रोज सायकलने कामावर जाते. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. आमच्याकडे सायकलवाल्यांचा एक गट आहे. सहली, शर्यती नाहीत. चांगल्या रस्त्यांसाठी पाठपुरावा करणं एवढंच त्यांचं काम. मैत्रीण सारखी म्हणते, सभासद हो. मला बैठकांचा मनापासून कंटाळा आहे, आणि निवेदनांचं पुढे काय होतं ते मी नोकरीत रोज बघते. यात मला मिळणार काय?

उत्तर : आडपडदा न ठेवता विचारलंत, बरं झालं. मीही स्वार्थापोटीच गेले होते. एका जाळीसाठी.

माझ्या रोजच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला गटारावर एक लोखंडी जाळी होती. तिचे गज रस्त्याला समांतर. मोटारीचं रुंद टायर त्यावरून निघून जातं, सायकलचं चाक मात्र दोन गजांच्या फटीत सरळ उतरतं. माझं उतरलं. सहा आठवडे मनगट प्लास्टरमध्ये. मग मी तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर नाही, दुसरा ‘संबंधित विभागाकडे’ गेला, तिसरा बहुधा तिथेच जाऊन पहिल्या दोघांना भेटला असावा. शेवटी मी जाळी चुकवायला शिकले. एकट्या सायकलवाल्याचं असंच होतं. रस्ता आहे तसा राहतो, वळण आपण घेतो.

गटात गेले तेव्हा कुणी सहानुभूती दाखवली नाही. एका निवृत्त काकांनी फक्त विचारलं, “त्या रस्त्यावर अशा जाळ्या एकूण किती?” मला एकच ठाऊक होती, पडले ती. पुढच्या रविवारी आम्ही चौघं टेप आणि खडू घेऊन चालत निघालो. तेवीस जाळ्या निघाल्या, त्यातल्या नऊ उभ्या गजांच्या. प्रत्येकीचा फोटो आणि जागा असा तक्ता केला, आणि खाली उपायही लिहिला: जाळी चौकोनी असेल तर उचलून काटकोनात फिरवून बसवा, नवीन काही घ्यायला नको. दीड महिन्यात सात जाळ्या फिरल्या. उरलेल्या दोन लांबट होत्या, फिरवल्या तर बसेनात. त्यांच्यावर आडव्या पट्ट्या वेल्ड करून घ्यायला आणखी आठ महिने गेले आणि तेवढ्यात अधिकारी दोनदा बदलले. एकटी असते तर पहिल्या बदलीलाच मी नाद सोडला असता. गटाकडे मात्र पत्रांच्या पोचा तारखेवार लावलेल्या होत्या. नव्या साहेबांपुढे फाईल ठेवली, पुन्हा पहिल्यापासून रडगाणं गावं लागलं नाही.

तुम्हाला मिळणारी दुसरी गोष्ट म्हणजे नजर. सुरुवातीला मला सायकलची पट्टी आखली म्हणजे काम झालं असंच वाटायचं. ती पट्टी उभ्या मोटारींना चिकटून आखली, तर ती नेमकी दार उघडतं त्या जागेतून जाते, हे मला गटात कळलं. तेव्हापासून मी उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर सोडून चालवते, आणि गाडीत बसले तर दार लांबच्या हाताने उघडते. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. सायकली लावून ठेवायच्या स्टँडचंही तसंच. नुसतं पुढचं चाक धरणारा स्टँड चाक वाकवतो, आणि कुलूपही त्या चाकालाच लागतं. उलट्या यू आकाराच्या पाइपला सांगाडा टेकतो, सांगाडा आणि चाक दोन्ही बांधता येतात. सायकलवाल्यांना न विचारता केलेलं काम मला आता लांबूनच ओळखू येतं. म्हणून रस्त्याचं काम नुसतं कागदावर असतानाच त्याचा नकाशा मागवून घ्यायचा. काँक्रीट पडल्यावर कोण ऐकतो!

हे काही आजकालचं खूळ नाही. ब्रिटनमध्ये सायकलस्वारांची संघटना 1878 मध्ये निघाली, अमेरिकेत 1880 मध्ये. चांगल्या रस्त्यांची मागणी अमेरिकेतल्या सायकलवाल्यांनी लावून धरली ती मोटारी यायच्या आधी. पुढे त्या रस्त्यांवर कोण मालक होऊन बसलं, ते आपण बघतोच आहोत.

बैठका कंटाळवाण्या असतात, हे खरंच. हेल्मेट सक्तीवरून आमच्यात दर वर्षी नेमाने भांडण होतं आणि निष्पन्न काही होत नाही. तुम्ही जाऊ नका. त्याऐवजी महिन्यातून दोन तास चौकात उभं राहून सायकली मोजा. ‘इथे सायकल चालवतंच कोण?’ याला तो कागद हेच उत्तर. मोजणीत एक खोच मात्र आहे. भीतीदायक रस्त्यावर सायकली कमीच दिसणार, आणि तोच आकडा आपल्या अंगावर येणार. म्हणून शेजारच्या गल्ल्यांतूनही मोजायचं. रस्ता टाळणारे तिथे सापडतात.

सभासद होण्याआधी एवढंच विचारा : गेल्या वर्षी रस्त्यावर काय बदललं, ते दाखवायला नेता का? नुसते टी-शर्ट आणि फलकासोबतचे फोटो पुढे आले, तर खुशाल घरी बसा.

प्रश्न : मला सायकल येत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला शाळेत सायकलने जायचंय, माझा धीर होत नाही. अशा गटात माझं काय काम?

उत्तर : तुमचंच काम आहे. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवरच्या अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसं दगावली, त्यात चारशेहून अधिक मुलं. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ या नावाची चळवळ तिथे उभी राहिली. ते नाव एका पत्रकाराच्या लेखाच्या शीर्षकावरून आलं, आणि त्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती. त्या चळवळीत आईबाप होते, शेजारीपाजारी होते. तिथली सायकलस्वारांची संघटना 1975 मध्ये, म्हणजे त्यानंतर निघाली.

एका सुट्टीच्या सकाळी गटातल्या कुणाला तरी मुलाबरोबर शाळेपर्यंत सायकलने जायला सांगा. मुलगा जिथे जिथे उतरून सायकल ढकलत नेईल, त्या जागा लिहून घ्या. पहिल्या दिवशी तेवढा कागद घेऊन गेलात तरी पुरे.