वाचकांचे प्रश्न : आधी खाते, मग ईटीएफ

प्रश्न : आम्ही २०२३ मध्ये पुण्याहून कॅनडात मिसिसागाला आलो. पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. तो आता भाड्याने दिला आहे. इथल्या बँकेने माझ्या टीएफएसए, म्हणजे करमुक्त बचतीच्या, खात्यातले पैसे एका म्युच्युअल फंडात गुंतवले असून त्याचा वार्षिक खर्च २.१ टक्के असल्याचे मला नुकतेच समजले. मित्र ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारखा विकत घेता येणारा फंड, घ्यायला सांगतात, पण यादी पाहिली की काही सुचत नाही. महिन्याला ८०० डॉलर शिल्लक पडतात आणि चार-पाच वर्षांत घर घ्यायचे आहे. कोणता ईटीएफ घ्यावा?

उत्तर : घराचा उल्लेख आपण शेवटी केला आहे, पण उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी. चार-पाच वर्षांत डाउन पेमेंटसाठी लागणारी रक्कम शेअर्सच्या ईटीएफमध्ये ठेवू नये, कारण २००८ सारखी पडझड ऐन घरखरेदीच्या वर्षी झाली तर बाजार सावरेपर्यंत थांबणे आपल्याला परवडणार नाही. ती रक्कम जीआयसीत, म्हणजे आपल्या ओळखीच्या मुदत ठेवीत, किंवा बऱ्यापैकी व्याज देणाऱ्या बचत खात्यात राहू द्यावी.

घरासाठी २०२३ पासून एफएचएसए नावाचे खाते सुरू झाले आहे. त्यात वर्षाला ८,००० आणि आयुष्यभरात ४०,००० डॉलर भरता येतात. भरलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि पहिल्या घरासाठी काढताना तिच्यावर कर लागत नाही. मात्र चालू वर्षात किंवा त्याआधीच्या चार कॅलेंडर वर्षांत आपण स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या घरात राहिला असाल, तर हे खाते उघडता येत नाही, आणि ते घर कॅनडाबाहेर असले तरी नियम तोच. आपण २०२३ मध्ये पुण्याच्या स्वतःच्या फ्लॅटमधून निघालात, म्हणजे २०२३ हे वर्ष मागे पडण्यासाठी २०२८ च्या जानेवारीपर्यंत थांबावे लागेल. अर्जातले ‘पहिले घर’ हे शब्द वाचताना आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर फक्त कॅनडातले घर येते, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

तोवर टीएफएसए पुरेसे आहे, पण त्यातही एक खाचखळगा आहे. या खात्यात पैसे भरण्याच्या २००९ पासूनच्या सर्व वार्षिक मर्यादांची बेरीज २०२६ अखेर १,०९,००० डॉलर होते, हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. तो आपल्याला लागू नाही. आपली मर्यादा आपण कॅनडाचे रहिवासी झालात त्या वर्षापासून मोजायची, म्हणजे २०२३ चे ६,५०० आणि त्यापुढील तीन वर्षांचे प्रत्येकी ७,००० मिळून २७,५०० डॉलर. त्याहून जास्त भरलेल्या रकमेवर दरमहा एक टक्का कर बसतो.

आता फंडाकडे वळू. दूर भविष्यासाठी, म्हणजे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ न लागणाऱ्या पैशांसाठी, माझ्या मते एकच सर्वसमावेशक ईटीएफ पुरतो. व्हॅनगार्डचा व्हीजीआरओ साधारण ८० टक्के शेअर्स आणि २० टक्के रोखे असे प्रमाण स्वतःच राखतो. आयशेअर्सचा एक्सईक्यूटी पूर्णपणे शेअर्सचा असून त्यात कॅनडा, अमेरिका, इतर विकसित देश आणि भारतासह उदयोन्मुख बाजार येतात. दोन्हींचा वार्षिक खर्च पाव टक्क्याच्या आत आहे. पन्नास हजार डॉलरवर २.१ टक्के म्हणजे वर्षाला १,०५० डॉलर, आणि पाव टक्का धरला तरी १२५. हा खर्च खात्यातून वेगळा कापलेला दिसत नाही, तो फंडाच्या किमतीतच मुरतो, आणि म्हणून तो वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. आपल्या ध्यानात तीन वर्षांत आला हे चांगले झाले. बाजार २० टक्के खाली गेला तेव्हा झोप लागेल का, याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेल तर व्हीजीआरओ घ्यावा, किंवा ६०-४० प्रमाणाचा व्हीबीएएल. असा फंड घेतल्यावर शेजारी आणखी पाच फंड जमवू नयेत. बहुधा त्याच कंपन्या दुसऱ्यांदा विकत घेतल्या जातात.

बँकेतून पैसे हलवताना ते स्वतः काढून घेऊ नका. काढलेल्या रकमेची मर्यादा पुढच्या वर्षी १ जानेवारीलाच परत मिळते. नव्या ब्रोकरकडे खाते उघडून त्याच्याच फॉर्मवर टीएफएसएची थेट बदली मागावी. जुनी संस्था बदलीचे शुल्क लावते; ते भरून देणार का, असे नव्या ब्रोकरला निःसंकोच विचारावे.

प्रश्न : मी कॅल्गरीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. करपात्र खात्यातल्या पैशांतून दरमहा पैसे हाती यावेत म्हणून वर्षाला नऊ-दहा टक्के देणारे ‘कव्हर्ड कॉल’ ईटीएफ घ्यावेत, असे नातेवाईक सुचवतात. हे सुरक्षित आहे का?

उत्तर : दरमहा हाती येणारी रक्कम आणि फंडाने प्रत्यक्ष केलेली कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असा फंड आपल्याजवळचे शेअर्स ठरावीक किमतीला विकत घेण्याचा हक्क दुसऱ्याला देतो आणि त्याबद्दल मिळालेले पैसे वाटतो. शेअर त्या किमतीच्या वर गेला तर वरचा नफा दुसऱ्याचा होतो. शेअर पडला तर तोटा मात्र जवळजवळ पूर्ण आपलाच राहतो. म्हणून तेजीत हे फंड मागे पडतात आणि मंदीत फारसा आधार देत नाहीत.

शिवाय वाटलेल्या रकमेत पुष्कळदा आपलेच भांडवल परत आलेले असते. ते करासाठी मिळणाऱ्या टी-३ पत्रकाच्या ४२ क्रमांकाच्या रकान्यात दिसते. त्यावर त्या वर्षी कर नसतो, पण तितकी रक्कम आपल्या खरेदी किमतीतून वजा करावी लागते आणि विकताना भांडवली नफा त्या प्रमाणात वाढतो. ही नोंद ठेवण्याची जबाबदारी गुंतवणूकदाराचीच असते; ब्रोकरच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नये, एक साधी वही पुरते. ताई, माझा आग्रह असा, की दोन वर्षांच्या खर्चाइतकी रक्कम जीआयसीत ठेवावी, उरलेली व्हीबीएएलसारख्या संतुलित फंडात ठेवावी आणि लाभांश कमी पडेल तेव्हा थोडी युनिट्स विकावीत. युनिट विकणे म्हणजे पुंजी मोडणे, ही भावना मी समजू शकतो, पण कव्हर्ड कॉल फंडही पुष्कळदा तेच करतो आणि आपल्याला दिसू देत नाही.

प्रश्न : व्हँकुव्हरमध्ये माझ्या आरआरएसपीत, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात, २०,००० डॉलर आहेत. अमेरिकी लाभांशावरचा कर वाचवण्यासाठी अमेरिकेत नोंदलेला ईटीएफ घ्यावा का?

उत्तर : कॅनडा-अमेरिका कर करारानुसार आरआरएसपीतल्या अशा ईटीएफच्या लाभांशातून १५ टक्के कपात होत नाही हे खरे, टीएफएसएत ही सवलत नाही. पण हिशेब मांडून पाहा. लाभांश सव्वा टक्का धरला तर २०,००० डॉलरवर २५० डॉलर मिळतात आणि त्यावरचा कर ३७.५० डॉलर होतो. ब्रोकरने चलन बदलून देताना दीड टक्का घेतला तर ३०० डॉलर जातात, म्हणजे आठ वर्षांची बचत पहिल्याच दिवशी संपते, आणि परत कॅनेडियन डॉलर करताना पुन्हा तेवढाच खर्च. सध्या टोरंटोत नोंदलेलाच ईटीएफ घ्यावा.

खरेदी करताना किंमत मर्यादा घालूनच ऑर्डर द्यावी आणि बाजार उघडल्यानंतरची पहिली काही मिनिटे टाळावीत. टोरंटोचा बाजार व्हँकुव्हरच्या वेळेनुसार सकाळी लवकरच उघडतो. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची सुटी असते त्या नोव्हेंबरच्या गुरुवारी टोरंटोत व्यवहार चालू असतात, पण अमेरिकी शेअर्सच्या ईटीएफमध्ये खरेदी आणि विक्रीच्या भावांतले अंतर वाढलेले असू शकते. त्या दिवशी ऑर्डर देऊ नये.