महाराष्ट्रातलं बीएस्सी नर्सिंग, टेक्सासमध्ये आरएन: फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या मास्टर्ससाठी अर्ज कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीएस्सी नर्सिंग, एनक्लेक्स ही अमेरिकेतली लायसन्सची परीक्षा देऊन टेक्सासमध्ये आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, आणि मेड-सर्ज (मेडिकल-सर्जिकल) वॉर्डात चार वर्षं. आता फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपी व्हायचंय. नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) म्हणजे रुग्ण तपासून औषधं लिहून देणारी नर्स. कॉलेज कसं निवडायचं आणि अर्जाला लागायचं कधी?

फी, नाव, रँकिंग बघण्याआधी प्रत्येक कॉलेजला एकच प्रश्न विचारा: क्लिनिकलसाठी, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांवरच्या प्रशिक्षणासाठी, प्रिसेप्टर (हाताखाली शिकवणारा एनपी किंवा डॉक्टर) कोण शोधणार, तुम्ही की मी? एफएनपीच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष रुग्ण बघण्याचे तास भरावे लागतात. पूर्वी किमान ५०० तासांचा दंडक होता, २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी तो ७५० वर नेला. हे तास काम करत असलेल्या एखाद्या एनपी किंवा डॉक्टरच्या हाताखाली भरायचे असतात. बऱ्याच ऑनलाइन कॉलेजांची जाहिरात म्हणते, ‘आम्ही मदत करू’; हँडबुक उघडलं की लिहिलेलं असतं, जबाबदारी विद्यार्थ्याची. फॅमिली मेडिसिनचं क्लिनिक खटपट केली तर मिळतं. लहान मुलांचं आणि स्त्रियांच्या आरोग्याचं मिळता मिळत नाही. क्लिनिकने होकार दिला तरी त्यांचा आणि कॉलेजचा करार व्हायला महिनोन्‌महिने जातात. तोवर सेमिस्टर सुरू झालं तर ते वाया, आणि पदवी तेवढी लांबली. पैसे घेऊन प्रिसेप्टर गाठून देणाऱ्या एजन्सी आहेत, पण काही कॉलेजांना ते चालत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: फी थोडी जास्त असली तरी जागा स्वतः लावून देणारं कॉलेज घ्या. आधी तुमच्याच हॉस्पिटलच्या एज्युकेशन विभागात चौकशी करा. जवळच्या विद्यापीठाशी त्यांचा करार आधीच झालेला असेल, तर अर्धं काम तिथेच होतं.

एफएनपीच का, हेही आत्ताच ठरवून टाका. ही पदवी बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या बाह्यरुग्ण सेवेसाठी आहे. तुमचा जीव आयसीयूत किंवा वॉर्डातल्या अत्यवस्थ रुग्णांत रमत असेल, तर ॲडल्ट-जेरोंटोलॉजी अक्यूट केअर हा वेगळा मार्ग आहे. एफएनपी करून हॉस्पिटलमधल्या अक्यूट केअरच्या जागेवर जाऊ, असं धरून चालू नका. ते प्रशिक्षण यात नसतं. डीएनपी, म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट, सक्तीची झाली असंही कानावर येईल. तसा आग्रह धरणाऱ्या संघटना आहेत, पण एमएसएन, म्हणजे नर्सिंगमधली मास्टर्स, करून आजही एनपीच्या प्रमाणन परीक्षेला बसता येतं.

कॉलेजला नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या सीसीएनई, एसेन किंवा सीएनईए यांपैकी एका संस्थेची मान्यता हवी. नसेल तर प्रमाणन परीक्षेला बसण्यातच अडचण येईल. ऑनलाइन कॉलेज असेल तर ते टेक्सासमधले विद्यार्थी घेतं का आणि टेक्सासमध्ये क्लिनिकल करू देतं का, हे दोन्ही बघा. पुढचाही विचार असू द्या. टेक्सासमध्ये एनपीला औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, शेजारच्या न्यू मेक्सिकोत लागत नाही.

आता कागदपत्रं. आपल्याकडून आलेल्या नर्सेसचे अर्ज सगळ्यात जास्त इथेच अडकतात. बरेच कार्यक्रम नर्सिंगकॅस या एका पोर्टलवरून अर्ज घेतात. भारतातल्या पदवीचं कोर्स-बाय-कोर्स मूल्यांकन लागतं, ते बहुधा डब्ल्यूईएस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून. लायसन्सच्या वेळी केलेलं मूल्यांकन नर्सिंग बोर्डाच्या नावाने गेलेलं असतं, त्यामुळे बऱ्याचदा ते नव्याने करावं लागतं. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद पाकिटात जायला हवी. पाकीट तुम्ही फोडलंत की ते बाद. टक्क्यांचा जीपीए (अमेरिकेतली ४ पैकी गुणांची सरासरी) स्वतः काढू नका, २५ ने भागून तर मुळीच नको. आपल्याकडे ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, अमेरिकेत ६० म्हणजे जेमतेम पास. हा फरक मूल्यांकन करणारे धरतात, तुमचा भागाकार धरत नाही.

नावाचा घोळ त्याहून चिवट. मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुमचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. टेक्सासच्या लायसन्सवर मधलं नावच नाही. पोर्टलला ही तीन वेगळी माणसं वाटतात आणि ट्रान्सक्रिप्ट तुमच्या खात्याला जोडलीच जात नाही. अर्जात ‘पूर्वीची नावं’ हा रकाना असतो. मार्कशीटवरचं नाव त्याच क्रमाने तिथे लिहा आणि विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजीत तयार ठेवा.

आणखी एक खड्डा: स्टॅटिस्टिक्स. आपल्या बीएस्सीत ते नर्सिंग रिसर्चबरोबर एकाच विषयात येतं. बऱ्याच कॉलेजांना ते स्वतंत्र हवं असतं, काहींना तर गेल्या पाच वर्षांतलं. कम्युनिटी कॉलेजमध्ये तीन क्रेडिटचा कोर्स करून टाका. अमेरिकन ग्रेडही हातात येते. जीआरई ही प्रवेश परीक्षा बहुतेकांनी काढून टाकली आहे. जीपीएची अट साधारण ३.० असते. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मिळते का, ते कॉलेजकडून लेखी विचारून घ्या.

गोल स्टेटमेंट, म्हणजे एनपी का व्हायचंय हे सांगणारं निवेदन, एक-दोन पानांचं असतं. ‘लहानपणापासून रुग्णसेवेची आवड होती’ असं लिहिलंत की वाचणारा पुढच्या अर्जाकडे वळतो. त्याला एवढंच कळायला हवं असतं, की आरएन राहून तुम्हाला नेमकं काय करता येत नाहीये. समजा, ५८ वर्षांचे गृहस्थ, मधुमेह, पायाची जखम, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा दाखल. मेटफॉर्मिन संपून सहा आठवडे झालेले, कारण गोळ्या पुन्हा लिहून देणारा नेहमीचा डॉक्टरच नव्हता. तुम्ही ड्रेसिंग केलं, पाय रोज कसे तपासायचे ते शिकवलं, डिस्चार्जचे कागद दिले. डोस बदलणं, महिन्याने परत बोलावणं, जखम होण्याआधीच पाय बघणं तुमच्या हातात नव्हतं. इथून सुरुवात करा आणि मग कुठल्या वस्तीत, कसल्या क्लिनिकमध्ये काम करायचंय ते सांगा. मराठी, हिंदी येत असेल तर लिहाच. घरी हीच भाषा बोलणारे वयस्क रुग्ण तुमच्याशी मोकळे बोलतील. रुग्ण ओळखू येईल असा तपशील मात्र एकही नको.

शिफारसपत्रं दोन किंवा तीन लागतात. भारतातल्या प्राचार्यांचं ‘शिस्तप्रिय, आज्ञाधारक, कष्टाळू’ हे पत्र इथे उपयोगी पडत नाही. तुमची नर्स मॅनेजर, वॉर्डात येणारी एखादी एनपी आणि जमल्यास स्टॅटिस्टिक्सचे प्राध्यापक, असे तिघे धरा. निदान महिनाभर आधी सांगा, आणि तुम्ही नवख्या नर्सला शिकवलंत किंवा वेळेत सेप्सिस (जंतुसंसर्गाने येणारी जीवघेणी अवस्था) ओळखलंत असे दोन-तीन प्रसंग लिहून त्यांच्या हातात द्या. त्यावरच पत्र उभं राहतं.

पैशांचं: हॉस्पिटल फी भरत असेल तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते, पण बदल्यात किती वर्षं तिथेच राहावं लागेल ते वाचूनच सही करा. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरून सरकारी कर्ज मिळतं, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर नाही. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद, आणि साध्या ग्रॅज्युएट कार्यक्रमाला वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा. त्यापलीकडची रक्कम कुठून येणार, ते प्रवेश घेण्याआधी मांडून बघा.

वेळेचंही तसंच. ७५० तास तीन सेमिस्टरमध्ये वाटले तर प्रत्येकी २५०; पंधरा आठवड्यांत भरायचे म्हणजे आठवड्याला सतरा तास, म्हणजे क्लिनिकचे दोन दिवस. त्यावर बारा तासांच्या तीन ड्यूट्या. घरात लहान मूल असेल तर या दीड वर्षात ड्यूटी कमी करण्याची बोलणी मॅनेजरशी आधीच करून ठेवा. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकोलॉजी आणि हेल्थ असेसमेंट हे तीन प्रगत विषय क्लिनिकलच्या आधी येतात, आणि ते घाईत उरकलेत तर क्लिनिकमध्ये दररोज अडाल.

ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्गाची मुदत बऱ्याच ठिकाणी डिसेंबर ते फेब्रुवारीत संपते. म्हणून नाशिकचं ट्रान्सक्रिप्टचं काम आदल्या वर्षीच्या जूनमध्ये सुरू करा, स्टॅटिस्टिक्स त्याच उन्हाळ्यात. आणि आज रात्रीच तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजला ईमेल टाका: ‘गेल्या वर्षी टेक्सासमधल्या तुमच्या किती विद्यार्थ्यांना प्रिसेप्टर वेळेवर मिळाला नाही, आणि त्यांचं पुढे काय झालं?’ जे कॉलेज याला आकड्यात उत्तर देईल, ते यादीत सर्वात वर ठेवा.