खाऱ्या पाण्याची टाकी: पंप किती लिटरचा घ्यावा?

प्रश्न : माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. खाली स्टँडमध्ये सम्प, म्हणजे पाणी गाळायची छोटी टाकी, बसवलाय. क्लाऊनफिश आणि डॅमसेल ठेवायचे आहेत. दुकानदार म्हणतात सम्पमधलं पाणी परत वर चढवायला ताशी 5000 लिटरचा रिटर्न पंप घ्या, मित्र म्हणतो 1500 चा पुरे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दोघांचंही ऐकू नका, आधी तुमच्या टाकीत खरंच किती पाणी मावतं ते काढा. 122 × 46 × 46 सेंटिमीटर म्हणजे साधारण 258 लिटर. वरची मोकळी जागा, दगड आणि वाळू वजा केली की 210 ते 220 लिटर उरतं. फक्त मासे असलेल्या टाकीत सम्पमधून तासाला चार ते सहा वेळा पाणी फिरलं की भागतं. म्हणजे तुम्हाला वर पोहोचणारं पाणी हवं ताशी 900 ते 1300 लिटर.

‘वर पोहोचणारं’ हे महत्त्वाचं. खोक्यावर छापलेला आकडा पाणी अजिबात उचलावं न लागता मिळणारा असतो. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीतल्या पातळीपर्यंत तुमच्याकडे सुमारे एक मीटर चढ असेल. पाइप आणि दोन-तीन एल्बोंचं (कोपऱ्याच्या जोडांचं) घर्षण धरून 1.3 मीटर समजा. 1500 लिटरचे छोटे पंप जास्तीत जास्त 1.8 ते 2 मीटरच पाणी चढवतात. तुमच्या उंचीवर त्यांच्याकडून ताशी पाचशेच्या आसपासच मिळेल. ताशी 3000 लिटरचा आणि कमाल उंची 3 मीटर असलेला पंप तिथे अंदाजे 1500 ते 1700 देईल. तोच घ्या आणि बॉल व्हॉल्व्हने 1200 वर आणा. व्हॉल्व्ह नेहमी पंपानंतरच्या पाइपवर बसवायचा. ओढणाऱ्या बाजूला आवळला तर पंप उपाशी राहतो, आत हवेचे बुडबुडे होतात आणि आवाज करत इम्पेलर (पंपातलं फिरणारं चक्र) झिजतो.

5000 लिटरच्या पंपाने फिल्टरेशन वाढत नाही. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) त्याच्या स्वतःच्या पंपाला झेपेल तेवढंच पाणी घेतो, बाकीचं शेजारून निघून जातं. जोरात पडणाऱ्या पाण्याला सम्पमधल्या आडव्या काचांमध्ये बुडबुडे सोडायला वेळ मिळत नाही, मग टाकीभर बारीक फेस दिसतो. ओव्हरफ्लोचा, म्हणजे टाकीतून सम्पमध्ये पाणी उतरवणारा पाइप गुळगुळ आवाज करतो. शिवाय पाण्यात बुडलेल्या मोठ्या पंपाची बरीचशी वीज शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरते. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ही उष्णता परवडणारी नाही.

मोजणी बादलीने करा. 10 लिटरची खूण केलेली बादली रिटर्न नळीच्या तोंडाशी, त्याच उंचीवर धरा. नळी खाली ओढून भरलीत तर आकडा जास्त येईल. 36000 भागिले लागलेले सेकंद, म्हणजे ताशी लिटर. 30 सेकंदांत भरली तर 1200. तेवढ्यात सम्पचा पंपाचा कप्पा कोरडा पडणार नाही एवढं पाणी आधी त्यात ठेवा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. प्रवाह घटला की बहुतेक वेळा इम्पेलरवर चुन्याचा थर बसलेला असतो. पातळ व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून ब्रशने साफ केला की निघतो.

एक कळकळीची सूचना : पैसे वाचवायला कूलरचा पंप लावू नका. त्याचा दांडा आणि स्क्रू गंजतात. पितळी निपल किंवा कॉक तर कुठेच नको. त्यातून सुटणारं तांबं झिंगे, गोगलगायींना मारतं.

प्रश्न : लाईट गेली की टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरत राहतं आणि फरशीवर वाहतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवू का?
– एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : त्याच्या भरवशावर राहू नका. त्याच्या झडपेत मिठाचा किंवा चुन्याचा एक कण अडकला तरी ती बंद होत नाही. खरं कारण तुमच्या रिटर्न नळीचं तोंड पाण्यात खोल असणार. पंप बंद झाला की तीच नळी सायफन होऊन पाणी उलटं ओढते, तोंड उघडं पडेपर्यंत. वर सांगितलेल्या मापाच्या टाकीत पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे साडेपाच लिटर. तोंड 15 सेंटिमीटर खोल असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी लिटर खाली येतं!

तोंड पातळीखाली एक-दोन सेंटिमीटरवरच ठेवा. त्याखेरीज पातळीच्या जेमतेम खाली पाइपला 4 मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी उतरताच त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. या भोकात शेवाळ वाढतं, म्हणून महिन्यातून एकदा काडीने मोकळं करा. मग स्वतः पंप बंद करून पाहा. पाणी थांबेल तिथे सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारा. रेघेच्या वर चार बोटं जागा उरली पाहिजे. नसेल तर सम्पमध्ये नेहमी ठेवायचं पाणीच कमी करा.

वीज येताच सम्पची पातळी चढलेली असते, स्किमर फेसाळून त्याचा कप ओसंडतो. रिटर्न पंप आधी आणि स्किमर दहा मिनिटांनी सुरू होईल असा टायमर लावा.

प्रश्न : दगडांमागे तांबडा बुळबुळीत थर येतो. रिटर्न पंप मोठा करावा का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नको. टाकीच्या आत पाणी हलवायचं काम वेव्हमेकरचं. हा थर सायनोबॅक्टेरियाचा, जिथे पाणी साचून घाण बसते तिथे तो धरतो. फक्त माशांच्या 220 लिटरच्या टाकीला आत ताशी 2200 ते 4400 लिटर हालचाल पुरते. एका मोठ्याऐवजी ताशी दीड-दोन हजार लिटरचे दोन घ्या, समोरासमोरच्या काचांवर थोडे तिरके, एक दगडांमागे मारणारा. दुसरा किंचित वर वळवा, पृष्ठभाग थरथरला की प्राणवायू चांगला मिसळतो. वाळू उडाली तर वेव्हमेकर वर सरकवा. थर आधी नळीने ओढून काढा, खाणं कमी करा.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर हाच वेव्हमेकर ठेवा, पाच-आठ वॉटवर चालतो. 25 अंशाला खाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशाला 6.2. उन्हाळ्यात पाणी हलायचं थांबलं की माशांची पंचाईत होते.

दगडही प्रवाळाचे नकोत, कृत्रिम सिरॅमिकचेच घ्या. दगडी प्रवाळ, गोरगोनियन आणि समुद्री घोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. विकत घेणंही गुन्हा आहे.

प्रश्न : दुपारी टाकीत अचानक बारीक बुडबुडे येतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : पंखा लावला असेल तर पाणी उडून पंपाच्या कप्प्यातली पातळी उतरते आणि पंप हवा ओढतो. पंप चालू असतानाच्या नेहमीच्या पातळीवर वेगळी रेघ मारा आणि रोज तिथपर्यंत आरओचं गोडं पाणी घाला, खारं नाही. मीठ उडत नसतं. तरीही बुडबुडे राहिले तर पाइपचे जोड तपासा.