फायटर मासा तळाशी पडून आहे, पोट फुगलंय. दुकानदाराने दिलेलं निळं औषध किती थेंब टाकू?

आत्ता एकही थेंब टाकू नका.

नाशिक, डिसेंबर महिना, पाच लिटरचा गोल बाउल, फिल्टर नाही, हीटर नाही, दिवसातून तीनदा दाणे, आणि दोन दिवसांपासून मासा तळाशी पडून, पोट टम्म, खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. तुम्ही लिहिलेलं एवढं वाचल्यावर मला पहिला संशय येतो तो थंडीचा आणि पाण्याचा. निळी बाटली म्हणजे बहुतेक मेथिलीन ब्लू. ते बुरशीवर आणि काही परजीवींवर चालतं, फुगलेल्या पोटावर नाही. शिवाय पाणी राखणारे जे चांगले जिवाणू बाउलच्या दगडांवर असतात, तेही त्याने मरतात.

आधी मासा वरून बघा. बाजूने बघून नुसतं फुगलेलं पोट दिसतं, खवल्यांची अवस्था नीट कळत नाही. खवले अंगाला चिकटून असतील आणि फुगवटा फक्त पोटाशी असेल, तर बहुतेक पोट साफ होत नाहीये. सुरूच्या फळासारखे सगळ्या अंगभर खवले उभे राहिले असतील, तर तो जलोदर, ड्रॉप्सी. त्याबद्दल खाली लिहिते.

खवले सपाट आहेत असं धरून चालू. माशाच्या अंगाची उष्णता पाण्यावर ठरते. फायटरला २५ ते २८ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. तुमच्याकडे डिसेंबरच्या रात्री उघड्या बाउलमधलं पाणी १८-१९ पर्यंत सहज उतरत असणार. तेवढ्या गारठ्यात त्याचं पचन अगदी मंदावतं, आणि वरून तीन वेळचे दाणे पडत राहतात. मग पोट फुगतं, तोल जातो, मासा तळाशी बसतो. म्हणून खाणं आजपासून बंद, निदान दोन-तीन दिवस. जीव कळवळेल, पण धडधाकट फायटर आठवडाभर उपाशी राहू शकतो. या काळात त्याला खाण्यापेक्षा उबेची गरज आहे.

थर्मोस्टॅट असलेला २५ वॅटचा लहान हीटर आणि एक थर्मामीटर मागवा. तो येईपर्यंत बाउल एका मोठ्या टबात ठेवा आणि टबात कोमट पाणी घाला, म्हणजे बाउल बाहेरून तापेल. माशाच्या पाण्यात थेट गरम पाणी ओतू नका. तासाला एखादा अंश, एवढ्याच वेगाने वाढवा. बाउलवर सैल झाकण ठेवा, हवेला फट राहू द्या. फायटर कल्ल्यांबरोबरच डोक्यातल्या खास अवयवाने वरची हवा घेतो, त्यामुळे पाण्यावरची हवाही गार नको. याच कारणाने आजारपणात पाण्याची उंची दहा-बारा सेंटिमीटरवर आणा. अशक्त माशाला श्वासासाठी वर येणं हेच मोठं काम होऊन बसतं, आणि वर पोचताच आलं नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता पाणी. विष्ठा आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टर नसलेल्या पाच लिटरात तो भराभर साठतो, आणि पाणी स्वच्छ दिसत असलं तरी कल्ले जाळतो. रोज साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी अँटी-क्लोरीनचे थेंब घाला, आणि नवं पाणी जुन्याइतकंच कोमट करून मगच ओता. सगळं पाणी एकदम फेकून, दगड साबणाने घासून पुन्हा भरणं हे आजारी माशाला झेपत नाही. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात लागणारे क्षार नसतात.

पोटासाठी मेडिकलमध्ये एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट मिळतं. पाच लिटरला चहाचा पाव चमचा, वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. पाणीपातळी कमी केली असेल तर बाउलमध्ये खरोखर किती लिटर उरलंय ते मोजून त्या हिशेबाने. रोज पाणी बदलाल तेव्हा जेवढं नवं पाणी तेवढ्यापुरतंच एप्सम सॉल्ट, नाहीतर प्रमाण वाढत जाईल. स्वयंपाकाचं मीठ किंवा ॲक्वेरियम सॉल्ट ही वेगळी वस्तू आहे. फुगलेल्या माशाला ते देऊ नका.

उकडलेला मटार भरवा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. फायटर किडे-अळ्या खाणारा मासा आहे, मटार त्याचं अन्न नव्हे. पोट उतरल्यावर थोडे डॅफ्निया (पाण्यातले अगदी बारीक जीव) द्या, आणि पुढे सकाळ-संध्याकाळ दोन-तीन दाणे बस्स.

देशी बदामाचं, रस्त्याकडेला असतं त्या झाडाचं, गळून वाळलेलं तपकिरी पान धुऊन पाण्यात टाकलंत तर चांगलंच. थायलंडमध्ये फायटर पाळणारे ते आवर्जून वापरतात. पाणी चहाच्या रंगाचं होईल, घाबरू नका. माशाला त्यात निवांत वाटतं. पण आजार बरा करायचं काम पानावर सोडू नका.

अंगावर बारीक पांढरे ठिपके, सोनेरी भुकटीसारखा थर किंवा कुजत चाललेले पर दिसले तर ते वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

खवले उभे असतील तर मात्र तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात पाणी साठलेलं असतं, आणि त्या अवस्थेतून फार थोडे मासे परततात. तेव्हाही ऊब, स्वच्छ पाणी आणि एप्सम सॉल्ट हेच द्यायचं. माणसांच्या अँटिबायोटिक कॅप्सूल फोडून टाकू नका. मासे बघणारा पशुवैद्य मिळाला तर जरूर दाखवा, आणि मासा फारच हाल सोसत असेल तर त्याला वेदनेविना कसं सोडवायचं हेही त्यांनाच विचारा. जिवंत मासा संडासात किंवा गोदावरीत सोडू नका, फ्रीजरमध्येही ठेवू नका.

तो जगला, आणि माझ्या मते खवले सपाट असतील तर बरीच शक्यता आहे, तर त्याला बाउलमधून बाहेर काढा. "फायटर डबक्यात राहतो, त्याला जागा लागत नाही" हे दुकानातलं बोलणं आहे. त्याचं मूळ घर थायलंडची भातशेतं आणि दलदली. तिथलं पाणी उथळ असतं, पण दूरवर पसरलेलं, उबदार आणि वनस्पतींनी भरलेलं. त्या देशाने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. इथे आपण निदान पंधरा-वीस लिटरची टाकी, हीटर आणि हळू चालणारा स्पंज फिल्टर एवढं त्याला देऊ शकतो. नीट ठेवला तर तो तीन-चार वर्षं सोबत करतो.

आज रात्री पाण्याचं तापमान मोजा आणि वरून काढलेला एक स्पष्ट फोटो इथे टाका. खवले बघून सांगते.