नाव मोठं, लक्षण कसं ओळखायचं?

वाचकांचे प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की माझ्याकडच्या पत्रांचा ढीग वाढतो आणि निम्म्या पत्रांत ‘नाव’ हा एकच शब्द अधोरेखित केलेला असतो. या खेपेला शहरातल्या तंत्रज्ञान विद्यापीठांबद्दलचीच पत्रं घेतली आहेत. मी मेकॅनिकल शिकवलं, काही वर्षं हॉस्टेलची रेक्टर होते आणि क्रमवारीसाठी द्यायचे विभागाचे तक्तेही भरले. त्यामुळे उत्तरं त्या खुर्च्यांवरून दिलेली आहेत, हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : मॅडम, मला दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक शहराच्या मधोमध असलेलं जुनं, नावाजलेलं तंत्रज्ञान विद्यापीठ; पण तिथे मेटलर्जी (धातुशास्त्र) मिळतेय. दुसरं शहराच्या कडेला, नवं, प्रशस्त. तिथे मला हवी असलेली कॉम्प्युटरची ब्रँच आहे. घरचे म्हणतात, ब्रँचचं काय घेऊन बसलास, नाव बघ, क्रमवारीतला नंबर बघ. जुन्या विद्यापीठात शिकणारे मात्र सांगतात की इमारती जुनाट आहेत, मैदान नाही, कँपस लाइफ शून्य. काय करू?

उत्तर : तुझ्या पत्रात नंबर, ब्रँच आणि मैदान यांचा गुंता झालाय. मैदानाचं आधी मिटवते. ते नसलं तर चार वर्षं जाणवेल, पण त्यावरून शिक्षण ठरत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीची स्थापना १८६१ची. १९१६ साली चार्ल्स नदी ओलांडून केंब्रिजला जाईपर्यंत ती संस्था बॉस्टनच्या भर वस्तीत होती आणि लोक तिला ‘बॉस्टन टेक’ म्हणत. मोठं आवार नंतर आलं, नाव आधी झालं.

आता नंबर. क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीत कित्येक वर्षं ४० टक्के गुण एकाच गोष्टीला होते : जगभरच्या प्राध्यापकांना तुमच्या मते चांगली विद्यापीठं कोणती, असं विचारायचं आणि त्यांची उत्तरं मोजायची. २०२४च्या आवृत्तीपासून हे वजन ३० टक्क्यांवर आणलं आणि नोकऱ्या देणाऱ्यांच्या मताचं १० वरून १५ वर नेलं. म्हणजे अजूनही जवळजवळ निम्मा निकाल लोकांच्या मतावर. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे जे तुला रोज वर्गात भोगायचंय, त्याचं वजन त्याच फेरीत २० वरून १० वर उतरलं. शांघायच्या क्रमवारीत तर माजी विद्यार्थ्यांना मिळालेली नोबेल पारितोषिकंही मोजतात. त्यांतली बरीच माणसं तुझ्या आजोबांच्या वयाची असतील. त्यांना ज्यांनी शिकवलं ते शिक्षक आज तिथे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय यातले कितीतरी आकडे विद्यापीठच भरून देतं. २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी ‘यू. एस. न्यूज’ या अमेरिकी प्रकाशनाच्या क्रमवारीसाठी आपल्याच विद्यापीठाने दिलेले आकडे तपासायला घेतले. वर्ग किती लहान, किती शिक्षकांकडे आपल्या विषयातली सर्वोच्च पदवी, यांचा मेळ बसेना. पुढे विद्यापीठाने काही आकडे चुकल्याचं मान्य केलं आणि दुसऱ्या नंबरावरून त्याच वर्षी अठरावा नंबर आला. मुलं तीच होती, वर्ग तेच आणि फळेही तेच.

हे तक्ते मी स्वतः भरलेत, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. मोठ्या वर्गाच्या ट्युटोरियलसाठी चार बॅच पाडल्या तर तो एक वर्ग धरायचा की चार, यावर विभागप्रमुखांच्या खोलीत आमचा तासभर काथ्याकूट चालायचा. कुणी खोटं बोलत नसे. पण ज्या बाजूने आकडा बरा दिसेल त्या बाजूचा अर्थ सगळ्यांना आपोआप पटू लागे.

म्हणून माझं मत : हवी ती ब्रँच घे. नाव विद्यापीठाचं असतं, शिकवतो विभाग. मेटलर्जीला नाक मुरडायचं कारण नाही. विमानाच्या इंजिनातली टर्बाइनची पाती म्हण, बॅटरी म्हण, सगळं शेवटी धातूंपाशी आणि पदार्थांपाशी येऊन थांबतं. पण ज्याला कॉम्प्युटर हवंय त्याने नावापोटी चार वर्षं भट्टीसमोर काढू नयेत. त्यात ना त्याचं भलं ना भट्टीचं.

मात्र एक अट. फी भरण्याआधी त्या नव्या विद्यापीठातल्या तुझ्या विभागात जाऊन ये, आणि सकाळी नको, संध्याकाळी पाचनंतर जा. माहितीपत्रक देणाऱ्या टेबलापाशी रेंगाळू नकोस, थेट प्रयोगशाळेकडे वळ. कुलूप असेल तर तेच उत्तर समज. उघडी असेल तर आत वापराच्या नोंदीचं रजिस्टर ठेवलेलं असतं. तिथल्या असिस्टंटना नीट विचारलंस तर बहुतेक ठिकाणी बघू देतात. सगळ्या सह्या मंगळवारी दुपारच्या, रोल नंबरच्या क्रमाने आणि एकाच पेनाने केलेल्या दिसल्या, तर ती यंत्रं फक्त प्रॅक्टिकलपुरती चालतात. वेड्यावाकड्या अक्षरांत, भलत्या वेळांच्या, मध्येच ‘पुन्हा चालवून बघितलं’ असं खरडलेल्या नोंदी असतील, तर तिथे कुणीतरी स्वतःच्या डोक्याने काहीतरी करतंय. आणि बोलायचं तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल. पहिल्या वर्षाची हुरळलेली असतात, शेवटच्या वर्षाची नोकरीच्या घोरात.

प्रश्न : माझी मुलगी शहरातल्या तंत्रज्ञान विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. लेक्चर, प्रॅक्टिकल, घर, एवढंच चालू आहे. मैत्रिणी नाहीत म्हणते. आता गाडी बनवणाऱ्या टीममध्ये जायचं म्हणते, पण ती मुलं रात्री उशिरापर्यंत थांबतात. मार्क जातील अशी आम्हाला धास्ती वाटते. हॉस्टेलला ठेवावं का?

उत्तर : भर शहरातल्या विद्यापीठांचं हे जुनं दुखणं आहे. घरून येणारी मुलं प्रॅक्टिकल संपलं की गाडीच्या वेळेकडे डोळे लावून बसतात आणि नेमकं त्यानंतर बाकीच्यांचं जगणं सुरू होतं. क्लबच्या बैठका, टीमची कामं, सीनियर्सकडून कळणाऱ्या गोष्टी, सगळं संध्याकाळी. तुमच्या मुलीला मैत्रिणी नाहीत याचं कारण तिचा स्वभाव नसून वेळापत्रक असण्याची शक्यता जास्त.

टीममध्ये जाऊ द्या. ही काय भानगड आहे ते सांगते, कारण बऱ्याच पालकांना तो पोरखेळ वाटतो. विद्यार्थ्यांनी एका माणसाची रेसिंग कार स्वतः डिझाइन करून बांधायची, ही स्पर्धा ‘फॉर्म्युला एसएई’ या नावाने अमेरिकेत टेक्सासमध्ये १९८१ साली सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९९८पासून ती ‘फॉर्म्युला स्टुडंट’ म्हणून होते. ट्रॅकवर उतरण्याआधीच गाडीची झडती होते. टीममधला सगळ्यात उंच ड्रायव्हर आत बसवून गाडी एका टेबलावर चढवतात आणि टेबल तिरकं करत नेतात. तेलाचा थेंब गळता कामा नये आणि ६० अंशांवर गेलं तरी चाक उचललं जाता कामा नये. मग ब्रेकची चाचणी : पेडल दाबलं की चारही चाकं लॉक झाली पाहिजेत. तीन लॉक झाली आणि एक फिरत राहिलं, तर परत पिटमध्ये. ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून हातभर ग्रीस माखलेली मुलं तेव्हा ब्रेक बायसबद्दल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर कसा वाटायचा याबद्दल, जे भांडतात, ते ऐकायला मला माझ्या लेक्चरपेक्षा जास्त आवडायचं. परीक्षक डिझाइनच्या फेरीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ‘हे असंच का?’ आणि ‘सीनियर्सनी तसंच केलं होतं’ हे उत्तर दिलं की गुण गेले.

उशिराचं म्हणाल तर रात्र लागते ती वेल्डिंग आणि जुळणीच्या दिवसांत. टीममध्ये इतर कामं ढिगाने असतात. नट-बोल्टपासून प्रत्येक भागाचा खर्च मांडणारा कॉस्ट रिपोर्ट लिहावा लागतो, सस्पेन्शनची गणितं असतात, प्रायोजकांशी पत्रव्यवहार असतो. माझी एक विद्यार्थिनी अशीच लांबून यायची. तिने ब्रेकचं सगळं गणित प्रवासात केलं आणि वर्कशॉपमधलं काम पहिल्या लेक्चरच्या आधी, सकाळी. रात्रपाळीची मुलं तिला फळ्यावर निरोप लिहून ठेवत, ती उत्तर लिहून ठेवायची. वर्षअखेरीला टीममध्ये सगळ्यात जास्त लोकांना ओळखणारी तीच होती.

मार्क एखाद्या सेमिस्टरला घसरतील, ते गृहीत धरा. दोन विषय राहू लागले तर टीम थांबवा. एखाद्या विषयात घसरली म्हणून थांबवू नका. हॉस्टेलचं एवढ्यात ठरवू नका. तिथे गेल्याने ओळखी होतातच असं नाही, आतून कडी लावून पडून राहणारी मुलंही मी रेक्टर म्हणून पुष्कळ पाहिली. तिसऱ्या वर्षी टीममधल्या एखादीबरोबर खोली मिळत असेल तर जरूर ठेवा. आणि ती सदानकदा गप्प असेल, झोपेत-जेवणात फरक पडला असेल, तर माझ्या उत्तराची वाट न बघता विद्यापीठातल्या समुपदेशकांना भेटा.

प्रश्न : विद्यापीठाच्या जाहिरातीत ‘सर्वाधिक पॅकेज’ म्हणून डोळे दिपवणारा आकडा असतो. तो खरा असतो का?

उत्तर : बहुधा खरा असतो, आणि एकाच मुलाचा असतो. तुम्ही मध्यक विचारा : नोकरी लागलेल्या सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधल्याला किती मिळतात? भारतात एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीसाठी संस्थांना हा आकडा द्यावाच लागतो, तेव्हा ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर मान्य करू नका. मग विचारा, टक्केवारी कशाची काढलीत? वर्गातल्या सगळ्यांची, की प्लेसमेंटला नाव नोंदवलेल्यांची? ज्यांना कमी गुणांमुळे नोंदवूच दिलं नाही, ते या हिशेबात कुठेच नसतात.

प्रश्न : आमचं विद्यापीठ दुसऱ्या मोठ्या विद्यापीठात विलीन होणार, नाव बदलणार, अशी चर्चा आहे. आमच्या पदवीला पुढे कोण विचारणार?

उत्तर : विचारतील. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचं पॉलिटेक्निक १८५४चं. २०१४मध्ये ते न्यूयॉर्क विद्यापीठात पूर्ण विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी चंद्रिका आणि रंजन टंडन या दांपत्याच्या १० कोटी डॉलरच्या देणगीनंतर त्याला टंडन यांचं नाव लागलं. टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाचं २०२२मध्ये टोरांटो मेट्रोपॉलिटन झालं. जुन्या पदव्या रद्द झाल्या नाहीत. तू एवढंच कर : आत्ताच्या नावाची गुणपत्रकं आणि सविस्तर अभ्यासक्रमाच्या सही-शिक्क्याच्या प्रती आजच काढून ठेव. पुढे परदेशी अर्ज करताना जुना अभ्यासक्रम मागतात आणि तोवर तो कुठल्या कपाटात गेला हे नव्या कार्यालयाला सापडत नाही.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठापासून चालत जाता येईल अशा एका स्टार्टअपने अर्धवेळ काम देऊ केलंय. लेक्चर बुडतील. सीनियर्स म्हणतात, शहरातल्या विद्यापीठात शिकायचा फायदाच हा आहे, घे. घेऊ का?

उत्तर : सीनियर्सचं अर्धं खरं आहे. हर्मन श्नायडर नावाच्या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात याचीच पद्धत बसवली. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या : एक आठवडाभर वर्गात, दुसरा शहरातल्या कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. सुरुवातीला २७ विद्यार्थी होते. कारखाने जवळ होते म्हणूनच ते जमलं. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ तर १९५७मध्ये याच पायावर उभं राहिलं आणि आज त्याचा लौकिक आहे तो मुख्यतः यामुळेच.

पण तिथे काम वेळापत्रकात बसवलेलं होतं. कारखान्यातल्या आठवड्यात लेक्चर नसायचंच, त्यामुळे बुडायचा प्रश्न नव्हता. तुला मिळतंय ते लेक्चरमधून चोरलेल्या वेळेचं काम, आणि तिसऱ्या वर्षात जे विषय असतात तेच पुढे मुलाखतीत निघतात. तेव्हा आधी विभागात विचार की हे काम इंटर्नशिप म्हणून क्रेडिटला धरतील का. काही ठिकाणी एक सेमिस्टर तशी सोय असते आणि ती कुणी मुद्दाम सांगत नाही. मग स्टार्टअपवाल्यांना विचार, मी लिहिलेला कोड रोज कोण तपासणार? माणसाचं नाव सांगितलं तर त्या माणसाला भेट, अर्धा तास बोल, आणि तो तुझ्यापेक्षा बरंच जास्त जाणतो असं वाटलं तर आठवड्यातले दोन दिवस कबूल कर, पाच नको. ‘आमच्याकडे सगळे सगळं करतात’ असं उत्तर आलं, तर सुट्टीत येतो म्हणून सांग आणि सोमवारच्या लेक्चरला जा.